कोरड्या ओढ्यातली मगर

ही हकिकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोने एकदा विचारलं, "तुमच्या त्या मगरीचं पुढं काय झालं?" मी छातीत दुखतंय असं सांगून आडवा झालो. तिने खरंच डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छाती तपासली, पोट दाबलं आणि जाताना माझं मीठ बंद केलं. तेव्हापासून मी अळणी आमटी खातो आहे. आता वय असं झालंय की छातीत खरोखरच दुखायला लागेल, म्हणून त्याआधी सगळं लिहून टाकतो.

मी साताऱ्यात एका शाळेत इतिहास शिकवायचो. निवृत्त झाल्यावर सांगलीतल्या एका वाचनालयाने मला परीक्षक म्हणून बोलावलं. हे वाचनालय दर वर्षी मुलांसाठी लिहिलेल्या इतिहासाच्या आणि चरित्रांच्या हस्तलिखितांची स्पर्धा घ्यायचं. गोष्टी नाहीत, कविता नाहीत, फक्त खरं घडलेलं. पहिलं आलेलं हस्तलिखित वाचनालय स्वखर्चाने छापायचं आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांना वाटायचं.

परीक्षक आम्ही तिघे. अध्यक्ष म्हणजे सांगलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक. दुसरे कराडकडचे एक निवृत्त कृषी अधिकारी. तिसरा मी. तिघांनाही चष्मे, आणि दोघांना मोतीबिंदू. हस्तलिखितांची चळत पहिल्या वर्षी टेबलावर आली तेव्हा अध्यक्षांनी ती हाताने उचलून पाहिली, पुन्हा खाली ठेवली आणि तोडगा काढला. प्रत्येक चरित्राचे तीन भाग करायचे आणि एकेकाने एकेक भाग वाचायचा. अध्यक्षांनी शेवटचा भाग घेतला, कारण थोरांचं मरण वाचून त्यांना सुखाने रडू यायचं. कृषी अधिकाऱ्यांनी मधला घेतला, कारण त्यात काम असतं आणि मनुष्य काम करताना त्यांना बघवतो, असं ते म्हणायचे. माझ्या वाट्याला बालपण आलं.

परिणाम असा झाला की इतक्या वर्षांत मी थोर माणसांची नुसती बालपणं वाचली. माझ्यासमोर एकही थोर माणूस वयात आला नाही. कुणाला मिसरूड फुटायची चिन्हं दिसली की माझी पानं संपायची आणि तो कृषी अधिकाऱ्यांच्या ताब्यात जायचा.

बालपणाला गुण कसे द्यायचे याचा तक्ता मीच केला होता. आज्ञाधारकपणाला थोडे, आईच्या उपदेशाला थोडे, आणि उरलेले सगळे पराक्रमाला. पराक्रम म्हणजे जनावर हवं, हे माझं पक्कं होतं. चरित्रनायकाने लहानपणी वाघ, बिबट्या, नाग, निदान पिसाळलेला बैल तरी आडवा पाडलेला असावा. एका हिशेबनीसाच्या चरित्रात विंचू निघाला होता. त्याला मी आकाराच्या मानाने गुण दिले.

अशात एक हस्तलिखित आलं. लेखिका कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होत्या. मूळच्या विट्याच्या, बदली होऊन तिकडे गेलेल्या. चरित्र त्याच गावातल्या एका विहिरी खणणाऱ्या माणसाचं. तो माणूस वारला होता, पण त्याची पाठची बहीण, गावाची आक्का, हयात होती. तिच्या ओसरीवर बसून बाईंनी सगळं लिहून घेतलं होतं.

बालपण जेमतेम दीड पान. त्यात बाईंनी लिहिलं होतं की यांच्या लहानपणाबद्दल फारसं कळत नाही. बहीण म्हणते, ते खूप झोपायचे. शाळेत गेले होते का, हे बहिणीला ठाऊक नाही, शाळेचे जुने कागद वाळवीने खाल्ले आहेत, म्हणून त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

मी मोठ्याने हसलो. मग तेच पान परत वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं. मुलांसाठीच्या पुस्तकात "कळत नाही" असं लिहिलेलं मी प्रथमच पाहत होतो. मी स्वतः वर्गात उभा राहून कधी "मला माहीत नाही" म्हणालो नव्हतो. एकदा एका मुलाने एका राजाच्या घोड्याचा रंग विचारला, तेव्हा मी क्षणाचाही विलंब न लावता "तांबूस" म्हणालो होतो. हे पुस्तक छापलं जावं, असं मला मनापासून वाटलं. आणि माझ्याच तक्त्याप्रमाणे पराक्रमाला शून्य गुण देऊन मी सांगलीला गेलो.

बैठकीला मी कंदी पेढे न्यायचो आणि सांगलीकर भडंग ठेवायचे. त्यामुळे आमच्या हातून गेलेल्या प्रत्येक हस्तलिखिताला एक गोड आणि एक तिखट डाग असायचा.

त्या वर्षी दुसरं चरित्र होतं एका सरदाराचं. त्याने पाचव्या वर्षी स्वतःच्या पागोट्याने वाघ बांधून आईसमोर आणला होता.

"ह्याचं मरण फार सुंदर आहे," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "विहीरवाला मात्र जेवला, झोपला आणि गेला. हे काय मरण झालं? रडूच येत नाही."

"मधला भाग जरा तांत्रिक हाय," कृषी अधिकारी म्हणाले, "खडक, मुरूम, सुरुंग. पण मला आवडला. बालपण कसं हाय?"

"बालपणात ते झोपतात," मी म्हणालो.

"आणि?"

"आणि उठतात."

अध्यक्षांनी भडंगाची बशी पुढे सरकवली. सरदाराचं पारडं जड होतं हे उघड होतं. मी म्हणालो, विहिरीच्या लेखिकेला दुरुस्तीची एक संधी देऊ. दोघे कबूल झाले. फोन मी करायचा ठरला.

तो फोन मला शब्दन् शब्द आठवतो.

"बाई, पुस्तक उत्तम आहे. फक्त बालपणात काहीतरी घाला."

"काय घालू, सर?"

"एखादा प्रसंग. जनावर वगैरे."

"त्यांच्याकडे एक शेळी होती, सर."

"मग? शेळीनं काय केलं?"

"काही नाही. दूध दिलं."

मी कपाळाला हात लावला. "जरा आक्कांना खोदून विचारा की."

"सर, आक्कांना मी शब्द दिलाय. त्या सांगतील तेवढंच लिहायचं, वरचं एक अक्षर नाही. मागं कुणा पुढाऱ्यानं भाषणात त्यांच्या भावाबद्दल वाट्टेल ते ठोकून दिलं होतं. तेव्हापासून त्या कुणाशी भावाचं बोलत नव्हत्या. ह्या अटीवरच माझ्याशी बोलल्या."

इथे मी गप्प बसलो असतो तर आज आमटीत मीठ असतं. पण मला ते पुस्तक पहिलं आणायचं होतं, आणि सरदाराचा वाघ डोळ्यांसमोरून हलत नव्हता. माझं लहानपण कृष्णेच्या काठी गेलं. आमच्याकडे लहान मुलाला भीती घालायची ती मगरीची. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, माझे मामा त्या भागात काही दिवस होते. त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. तुमच्या ह्या गृहस्थांनी लहानपणी गावच्या ओढ्यात मगरीच्या तोंडातून शेळी ओढून काढली होती."

माझा मामा जन्मात कराडच्या पलीकडे गेला नाही. कराडलाही तो एकदाच गेला, दाढ काढायला.

"ओढ्यात?" बाई म्हणाल्या. "सर, आमच्या ओढ्याला तर..."

"पूर्वी, बाई. पूर्वी."

इतिहासाच्या शिक्षकाला हा एक शब्द पुरतो.

"आक्कांना विचारून बघू का?"

"आक्का तेव्हा पाळण्यात असतील. त्यांना काय आठवणार?"

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही इतिहासाचे सर आहात. तुम्ही म्हणता म्हणजे असेलच."

मगरीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुस्तक पहिलं आलं. छापून आलं तेव्हा मुखपृष्ठावर, पाठीवर आणि आतल्या पहिल्याच पानावर मगर होती. चित्रकाराने बहुधा माझाच भाग वाचला असावा. विहीर कुठेच दिसत नव्हती. मुखपृष्ठावरचा मुलगा इतका लहान काढला होता की तो मगरीचा घास वाटत होता.

प्रकाशन त्याच गावच्या शाळेत ठरलं. सांगलीहून आम्ही तिघे जीपने निघालो. आधी ऊस होता, मग द्राक्षाच्या बागा लागल्या, मग बाभळी, मग नुसते दगड. मला थोडं अस्वस्थ वाटू लागलं. गावाच्या तोंडाशी बायका हंडे-घागरी मांडून टँकरची वाट बघत होत्या.

"ओढा कुठे आहे हो?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"मागं गेला की सर. पोरं क्रिकेट खेळत हुती न्हवं, त्योच."

पुढच्या सीटवरून कृषी अधिकारी मागे वळले. "ह्या गावाला पाणी कवाच न्हवतं. खणलेल्या निम्म्या विहिरी कोरड्या निघाल्या. मधल्या भागात सगळं हाय की." मधला भाग! तो मी कुठे वाचला होता? आणि त्यांनी पहिला कुठे वाचला होता?

शाळेच्या पटांगणात मांडव होता. सगळं गाव आलं होतं. आक्का पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर सत्काराचं लुगडं होतं आणि चेहऱ्यावर समाधान. त्यांना वाचता येत नव्हतं. पुस्तकात काय आहे ते बाई त्यांना फावल्या वेळात वाचून दाखवणार होत्या. मुखपृष्ठावरची मगर पाहून त्यांनी शेजारणीला, "ही पाल कशाला काढलीया?" असं विचारलेलं मी ऐकलं.

भाषणं झाली. अध्यक्ष म्हणाले, आता मुलांनी प्रश्न विचारावेत. चौथीतली एक मुलगी उठली. तिच्या हातात पुस्तक होतं. परीक्षक नसल्यामुळे तिने ते सगळं वाचलं होतं.

"सर, आधी लिवलंय, वड्यात मगर हुती. फुडं लिवलंय, आपल्या गावाला कवाच पाणी न्हवतं, म्हणून विहिरी खणल्या. मग ती मगर कशात ऱ्हायची?"

मांडवात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "टँकरनं आली आसल!"

"कुठली मगर?" कृषी अधिकाऱ्यांनी माझ्या कानात विचारलं.

"ती मरते का शेवटी?" अध्यक्षांनी दुसऱ्या कानात विचारलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माईक माझ्या हातात दिला. "सर सांगतील."

मी उभा राहिलो. सांगायचं एवढंच होतं की बाळ, तुझं बरोबर आहे, मगर मी घातली. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मुलांनो, पूर्वी..."

एवढं पुरलं. मागच्या रांगेतला एक फेटेवाला म्हातारा उठला. "व्हय, व्हय! हुती मगर. माझ्या आज्यानं बघितल्याली."

"तुझ्या आज्याला कुठं दिसत हुतं रं?" दुसरा म्हणाला. "माझ्या आज्यानं धरल्याली शेपटीला."

"गड्या, एक न्हवती. दोन हुत्या. नवरा-बायकू."

बघता बघता माझ्या मगरीला संसार झाला. मी माईक धरून उभा, आणि माझं खोटं माझ्याहून जास्त जाणणारी माणसं मांडवभर. मग सरपंच उठले. त्यांचा आवाज भरून आला होता. "मंडळी, मगर हुती म्हंजे पाणी हुतं! वड्याला कवाच पाणी न्हवतं, म्हणून आपलं गाव बंधाऱ्याच्या योजनेत बसत न्हाई म्हणत्यात. आता हे छापील पुस्तकच सायबापुढं ठिवतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या कडकडाटात आक्का उठल्या. "कुठली मगर? माझा भाऊ झोपायचा. मगर-बिगर काय न्हवती."

"आवं आक्का, तुमी तवा पाळण्यात हुता," सरपंच म्हणाले. "पुस्तकात लिवलंय तसं."

"मी पाळण्यात? कुणी सांगितलं?"

"म्हातारीच्या ध्यानात न्हाई आता," कुणीतरी म्हणालं, आणि लोक समजूतदारपणे हसले.

आक्कांनी बाईंकडे पाहिलं. "तू लिवलंस?"

बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. "चूक माझी आहे, आक्का," त्या म्हणाल्या.

माईक माझ्या हातात होता, चालूही होता. मी तो अध्यक्षांच्या हातात दिला आणि म्हणालो, "आभार मानून घ्या."

आक्का लुगडं खुर्चीवर ठेवून घरी गेल्या.

पुढचं मला कृषी अधिकाऱ्यांकडून कळत गेलं. आक्कांनी बाईंशी बोलणं टाकलं. बाई रोज दुपारचा डबा त्यांच्या ओसरीवर खायच्या, त्या आता शाळेतच खाऊ लागल्या. गावच्या जुन्या सुईणीवर त्या पुस्तक लिहिणार होत्या, ते राहिलं, कारण गावातली कुठलीच म्हातारी त्यांच्यापुढं तोंड उघडेना. मगरीचा भाग दुसऱ्या आवृत्तीतून काढावा असं बाईंनी वाचनालयाला कळवलं होतं. ते ऐकून सरपंच पंचवीस माणसं घेऊन सांगलीला गेले आणि मगरीला धक्का लागू देणार नाही असं सांगून आले. मगरीची माहिती आपल्याला कुणी दिली, हे बाईंनी कुणालाही सांगितलं नाही.

शेवटी एक दिवस मी पेढ्यांचा पुडा घेऊन एसटीने निघालो. आधी बाईंची माफी मागायची, मग त्यांच्याबरोबर आक्कांकडे जाऊन खरं सांगायचं. साताऱ्यापासून मी वाक्य घोकत होतो. शेजारच्या प्रवाशाला वाटलं, जप चाललाय. त्याने मला खिडकीची जागा दिली.

गावच्या फाट्यावर उतरलो तर समोर सिमेंटची मगर. हिरवीगार, लाल जिभेची. ज्याने केली त्याने मगर कधी पाहिलेली नसावी, कारण तिला कान होते. मी बघत उभा असताना सरपंचांनी मला ओळखलं. "आवं, मगरवालं सर आलं!" माझं नाव त्या गावात असं पडलं होतं, कारण मांडवात मी "पूर्वी" म्हणालो होतो. पाच मिनिटांत शाल आली, नारळ आला. मगरीच्या पाठीवर हात ठेवून माझा फोटो निघाला. माफी मागायला निघालेल्या माणसाचा सत्कार झाला, आणि मी दोन शब्दही बोललो. पाण्याचं महत्त्व या विषयावर.

गलका ऐकून बाई शाळेतून आल्या आणि मला आक्कांच्या दारात घेऊन गेल्या. स्वतः मात्र फाटकाबाहेरच थांबल्या. आक्का सुपात मटकी निवडत होत्या. सरपंच आणि मंडळी माझ्या मागे होतीच.

"आक्का, ती मगर..." मी सुरुवात केली.

"तिचं नाव काढू नगा माझ्या दारात."

"नाही, मी तेच सांगायला..." मागे सरपंच उत्सुकतेने पुढे झुकले. त्यांचा योजनेचा अर्ज नुकताच वर गेला होता. मी म्हणालो, "पेढे घ्या."

"दात न्हाईत मला."

"मऊ आहेत."

"मग तुमीच खावा की."

मी एक खाल्ला.

बाई मला फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. वाटेत ओढा होता. मुलं खेळत होती. एकाने मारलेला चेंडू बाईंनी पायाने अडवून परत फेकला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "सर, एक विचारू? मामांना चुकून दुसरं एखादं गाव आठवलं असेल का? वय झालं की होतं तसं."

एवढं सोपं दार त्यांनी मला उघडून दिलं होतं. मी तेवढं म्हणालो असतो की मामा नव्हतेच, बाई. पण मी म्हणालो, "असेल. शक्य आहे."

"तरी वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. ते बघवेना.

"तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं कुणाला?" मी विचारलं.

"लिहिलं मी होतं, सर. आक्कांना शब्दही मीच दिला होता."

एसटी आली. कंडक्टर घाई करत होता. मी एक पाय पायरीवर ठेवला, दांडी धरली, आणि घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. बाई ऐकायला पुढे आल्या. पुडा त्यांच्या हातात देत मी म्हणालो, "बाई, उरलेले पेढे फ्रीजमध्ये ठेवा. उन्हानं खराब होतात." घंटी वाजली.

विट्यापर्यंत मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो, रिकाम्या सीटला उद्देशून. नंतर ते पोस्टकार्डावर लिहायचं म्हटलं तर पोस्टमन वाचेल, फोनवर म्हणायचं तर बायको ऐकेल, असं करत राहिलो. बायकोला आता सगळं कळलंच आहे, ती शेजारी बसून हे वाचते आहे. तेव्हा जसं घोकलं होतं तसंच लिहितो.

बाई, माझे मामा तुमच्या गावाला कधी आले नव्हते. मगर मी रचली, आणि तुम्हाला शंका आली तेव्हा ती माझ्या वयाच्या आणि विषयाच्या जोरावर दाबली. तुम्ही दिलेला शब्द मी मोडला आणि त्याची शिक्षा तुम्ही भोगलीत. हे पान आक्कांना वाचून दाखवा, सरपंचांसमोर दाखवलंत तरी चालेल. मला माफ करा.